जयघोष आणि मतपेटी

मतदाराचें मन नेमकें केव्हां पालटतें, या प्रश्नापुढें भल्याभल्या मुत्सद्द्यांची भंबेरी उडते. ब्रिटनमधील १९४५ सालच्या सार्वत्रिक निवडणुकीची हकीकत याच दृष्टीनें पुन्हां पाहण्यासारखी आहे.

त्या वर्षीं ८ मे रोजीं युरोपांतील युद्ध संपलें. लगेच निवडणूक आली. चर्चिल गांवोगांव फिरले, तेव्हां रस्त्याच्या दुतर्फा लोक त्यांचा जयजयकार करीत. ती गर्दी पाहून हुजूर पक्ष निर्धास्त झाला. ५ जुलैला मतदान झालें. परदेशीं असलेल्या सैनिकांचीं मतें यावयाचीं म्हणून मोजणी तीन आठवडे थांबली. २६ जुलैला निकाल लागला : ६४० पैकीं ३९३ जागा मजूर पक्षास! पॉट्सडॅमच्या परिषदेंतून निकालासाठीं आलेले चर्चिल परत गेलेच नाहींत. त्यांच्या खुर्चीवर ॲटली जाऊन बसले.

ही कृतघ्नता, असें पुष्कळांस वाटलें. मला तसें वाटत नाहीं. आग विझविणाराचे उपकार कोणी विसरत नाहीं. पण घर बांधावयाचें कामही त्यालाच द्यावें, असा कांहीं करार नसतो. आणि मन पालटलें तें त्या जूनमध्यें नव्हेच. १९१८ सालीं रणांगणावरून परतणाऱ्या शिपायांस चांगल्या घरांचें आश्वासन मिळालें होतें; पुढें अनेकांच्या वांट्यास आली ती बेकारी. ती आठवण घरोघरीं ताजी होती. १९४२ च्या डिसेंबरांत बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरील अहवाल निघाला, तेव्हां तो रूक्ष सरकारी ग्रंथ विकत घेण्यास लोकांनीं रांगा लावल्या! परंतु १९३५ नंतर सार्वत्रिक निवडणूकच झालेली नव्हती. पालटलेलें मन दिसावें तरी कोठें? गॅलपच्या लोकमत-चांचणींत मजूर पक्ष पुढें होता. तिकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं.

नभोवाणीचाही यांत वांटा होता. समाजवादी सरकारास गेस्टापोसारखी कांहीं यंत्रणा लागेल, असें चर्चिल ४ जूनच्या भाषणांत म्हणाले. मे महिन्यापर्यंत हेच ॲटली त्यांचे उपपंतप्रधान होते! दुसऱ्या दिवशीं ॲटलींनीं आवाज न चढवितां उत्तर दिलें. युद्धांतील थोर नेता निराळा आणि पक्षाचा पुढारी निराळा, असा त्याचा आशय होता. घरांत बसून ऐकणारास आरोळी रुचत नाहीं, हें आम्हां बोलणारांनींही ध्यानांत धरावें.

हे ॲटली आपणांस अपरिचित नव्हते. ३ फेब्रुवारी १९२८ रोजीं सायमन कमिशन मुंबईस उतरलें, तेव्हां काळ्या निशाणांनीं स्वागत झालेल्या सभासदांत तेही होते. १९४७ सालीं त्यांच्याच मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत हिंदुस्थान स्वतंत्र झाला.

चर्चिल स्वतः वुडफर्डमधून निवडून आले. त्यांच्या मानाखातर मजूर व उदारमतवादी पक्षांनीं तेथें उमेदवारच उभा केला नव्हता. एकच अपक्ष गृहस्थ समोर होते, फारसे कोणास ठाऊक नसलेले. त्यांना दहा हजारांवर मतें पडलीं.