ब्रेक सोडला तर लिफ्ट कुठे जाईल?

आजचा भाग लिफ्ट आणि एस्कलेटर मेकॅनिक ट्रेडच्या परीक्षेबद्दल. तुमच्यातले बरेच जण चाकणच्या कंपनी बसमध्ये हे ऐकत असणार, कोणी नाइट शिफ्ट संपवून भोसरीला परतत असणार. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आयटीआयचा हा दोन वर्षांचा ट्रेड. लेखी पास व्हायला ३३ टक्के लागतात, प्रॅक्टिकलला ६०. आणि आपली तयारी कशी असते? उलटी! रात्रभर मोबाइलवर एमसीक्यू, आणि प्रॅक्टिकल काय, 'होऊन जाईल'.

मी मेंटेनन्स रूटवर काम करतो. वाकड, रावेत, मोशीचे टॉवर. आपल्या चाकणला शिंडलर आणि टीके एलिव्हेटरचे कारखाने आहेत, म्हणजे लिफ्ट इथे बनतेही आणि आपलीच माणसं तिच्यात चढतातही. त्यामुळे माझं म्हणणं एकच: उत्तर पाठ करू नका, कारण समजून घ्या.

उदाहरण घ्या. आठ माणसांची लिफ्ट. आपल्याकडे एका माणसाचं वजन ६८ किलो धरतात, म्हणजे क्षमता ५४४ किलो. समजा रिकामी कार ८०० किलोची आहे. काउंटरवेट म्हणजे कारचं वजन अधिक साधारण निम्मी क्षमता. ८०० अधिक २७२, झाले १०७२. आता कार रिकामी आहे आणि ब्रेक हाताने सोडला, तर ती कुठे जाईल?

खूप जण पटकन म्हणतात, खाली. नाही! काउंटरवेट जड आहे, कार वर जाईल. हे ज्याला कळलं, तो अडकलेल्या माणसाला काढताना आधी मेन स्विच बंद करेल, सगळे दरवाजे बंद आहेत का बघेल, आणि ब्रेक थोडा थोडा सोडेल. एकदम सोडला तर वेग वाढत जातो.

दुसरी गोष्ट, सेफ्टी सर्किट. दरवाज्यांची लॉक, गव्हर्नरचा स्विच, पिटचा स्टॉप स्विच, सगळे सिरीजमध्ये. एक उघडला की लिफ्ट थांबते. फॉल्ट शोधायचा तर मल्टिमीटरने एकेका पॉइंटला व्होल्टेज बघत जा. जिथे व्होल्टेज गायब, तिथे आणि त्याच्या आधीच्या पॉइंटमध्ये फॉल्ट. कंटिन्युइटी मात्र सप्लाय बंद करूनच तपासायची.

साइटवर काय होतं माहितीये? सोसायटीचे चेअरमन मागे उभे, 'अहो, लवकर चालू करा.' मग कोणीतरी डोअर लॉकला जंपर मारतो. लिफ्ट चालू, सगळे खूश. पण तो जंपर राहिला, तर दरवाजा उघडा असतानाही कार निघून जाते. मागून मोबाइल बघत येणारं पोर सरळ शाफ्टमध्ये. म्हणून सर्किट समजणं फक्त मार्कांसाठी नाही, भावांनो.

आता तयारी. शिफ्ट करणाऱ्याला रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज. एक, सेफ्टी सर्किट न बघता कागदावर काढा. दोन, कार टॉपवर जायच्या पायऱ्या मोठ्याने म्हणा: आधी स्टॉप स्विच दाबायचा, मग इन्स्पेक्शन मोड, मगच पाय ठेवायचा. परीक्षक हा क्रम बघतो. तीन, गव्हर्नर, सेफ्टी गिअर, बफर, प्रत्येकापुढे एक ओळ लिहा: हा नसता तर काय झालं असतं?

जाता जाता एक प्रश्न. त्याच लिफ्टमध्ये चार माणसं अडकलीत आणि तुम्ही ब्रेक सोडला. कार वर जाईल की खाली? ६८ ने गुणा, काउंटरवेट आठवा, आणि उत्तर मला कळवा. गुगल न करता हं!

भेटू पुढच्या भागात. सांभाळून काम करा.