पाणी गळ्याशी येण्याआधी

(जूचंद्र येथील युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुणाचा तरी मुडदा पडला की आपली संघटना जागी होते. वस्ती जाळली, पुतळा फोडला की मोर्चा. कलेक्टरला निवेदन, पेपरात फोटो. आठ दिवसांनी जो तो आपापल्या पाळीवर. तारीख ते ठरवतात, जागा ते ठरवतात. आपण नुस्ते धावतो. ही चळवळ की बंबगाडी?

अत्याचार झाला तर गप्प बसायचं का, असं कुणी विचारेल. धावलंच पाहिजे. पण बाकीचे अकरा महिने काय करायचं?

बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. दीक्षा घेतली १९५६ साली. मधली एकवीस वर्षं वाचन, चर्चा, तयारी. १९३७ च्या निवडणुकीआधी, १९३६ सालीच स्वतंत्र मजूर पक्ष उभा केला. १९४२ साली राजकारणाचा रंग बदलताना दिसला, तेव्हा तो पक्ष बाजूला ठेवून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन काढलं. १९५६ साली फेडरेशनच्या जागी रिपब्लिकन पक्ष आणायचं ठरवलं. आपल्याच हातानं बांधलेलं घर गळायच्या आधी उतरवायला छाती लागते. त्यांच्या माघारी १९५७ साली पक्ष निघाला आणि दोन-तीन वर्षांत फुटला. आपण नावं सांभाळली, ती छाती सांभाळली नाही.

पँथरचं घ्या. १९७२ साली बावडा घडलं, ब्राह्मणगाव घडलं, आणि पोरं पेटून उठली. त्यांनी पहिल्यांदा भीतीची दिशा बदलली. १९७४ साली वरळीच्या लढ्यात भागवत जाधव शहीद झाला. हे ऋण फिटणारं नाही. पण संघटना आधी पेटली आणि जाहीरनामा आला १९७३ साली. मग बुद्ध की मार्क्स, यावर भांडण. १९७४ ला फूट, १९७७ ला बरखास्ती. भांडण व्हायलाच हवं होतं. ते मिटवायची रीत मात्र आधी ठरलेली नव्हती.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. पूर्वी गोदीत गोणी, पिंप, गठ्ठा माणसाच्या अंगावरून जायचा. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराच्या नोंदणीची वाट काढली. मग कंटेनर आला. टोळीला दिवसभर पुरणारा माल एका पेटाऱ्यात बसला आणि क्रेननं मिनिटांत उचलला. १९८९ साली न्हावा-शेवा सुरू झालं. १९९४ साली मुंबईचं गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. पेटारा काही एका रात्रीत आला नव्हता, वर्षानुवर्षं समोर दिसत होता. माझ्या पिढीच्या वाट्याला ठेका आला.

आणि आता आपल्याच जिल्ह्यात वाढवण. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. रोजगाराच्या घोषणा दहा-बारा लाखांच्या. तिथले कोळी आणि आदिवासी वर्षानुवर्षं विरोधात उभे आहेत. आपण कुठं आहोत? उद्या समुद्र कोळ्याचा जाईल, जमीन आदिवासीची जाईल, आणि आपला पोरगा मुकादमापुढं हात जोडून रोजंदारी मागेल. मग आपण मोर्चा काढणार! कुणावर?

म्हणून आजच ठरवा. एक, या महिन्यात कोळी आणि आदिवासी बांधवांकडं जायचं. आधी ऐकायचं, मग भूमिका लिहून काढायची. दोन, वस्तीवार यादी: कुणाकडं क्रेनचं लायसन आहे, कोण आयटीआय झालंय, कोण ठेक्यावर राबतंय. तीन, ठेक्यावरच्या कामगाराचं हजेरीकार्ड, पगारचिठ्ठी आणि फंड तपासणारी एक कमिटी, अपघात व्हायच्या आधी. चार, पदाधिकारी दोन वर्षांनी बदलणार, हिशेब सभेत वाचला जाणार, मतभेद झाला तर कुठं आणि कसा मिटवायचा ते कागदावर येणार. आज आपण एका सतरंजीवर बसलोय, तेव्हाच हे लिहा. बोलणं तुटल्यावर कोण लिहितं?

हे जूचंद्र रांगोळीचं गाव. इथल्या कलाकाराला विचारा, आखणी आधी की रंग आधी. आपल्याकडं रंग भरपूर आहे: निळा आहे, रक्ताचाही आहे. आखणी नाही.

वही आणि पेन मागच्या टेबलावर ठेवलंय. टाळ्या नकोत. जाताना नाव, वस्ती आणि कुठलं काम अंगावर घेता ते लिहून जा.

जयभीम.