उपांत्य फेरीची किंमत



बक्षीस समारंभात सर्वांचे लक्ष वक्त्यापेक्षा टेबलावरील करंडकांकडे अधिक असते. म्हणून मीही करंडकांविषयीच बोलतो. काही दिवसांपूर्वी आपल्या एका विद्यार्थ्याचे अब्बा मला भेटले. म्हणाले, "सर, मुलगा बॅडमिंटनच्या विभागीय स्पर्धेत उपांत्य फेरीत हरला. हाती काही आले नाही. शेजारच्या मुलाने तालुक्याला कुस्तीत पदक तरी आणले. आता खेळ बंद!" त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही. आज देतो.

रामनाथन कृष्णन यांचे नाव आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. टेनिसचे आठ वेळा राष्ट्रीय विजेते. 1954 साली त्यांनी विम्बल्डनची मुलांची स्पर्धा जिंकली; असे करणारे ते पहिले आशियाई. पुढे 1960 व 1961, लागोपाठ दोन वर्षे ते विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत उपांत्य फेरीपर्यंत गेले. पहिल्या वर्षी नील फ्रेझरकडून हरले, दुसऱ्या वर्षी रॉड लेव्हरकडून. दोघेही त्या त्या वर्षी विजेते ठरले. आणि कृष्णन यांच्या हाती काय आले? करंडक नाही. 

आता 1996 चे अटलांटा पाहा. लिअँडर पेस तेथेही उपांत्य फेरीत हरला, आंद्रे आगासीकडून. पण ऑलिंपिकमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी सामना असतो. दुखऱ्या मनगटाने तो त्याने जिंकला आणि कांस्यपदक आणले. 1952 साली हेलसिंकीत आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. त्यानंतर 44 वर्षांनी भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. लिअँडरचे कौतुक व्हायलाच हवे. पण कृष्णन यांना ती संधीच नव्हती, कारण 1924 नंतर थेट 1988 पर्यंत टेनिस हा ऑलिंपिकमधला पदकाचा खेळ नव्हता.

मग पदक मोजायचे की वाट? विम्बल्डनच्या एकेरीत 128 खेळाडू असतात. उपांत्य फेरी गाठायला पाच सामने जिंकावे लागतात. 1961 साली त्यांतला पाचवा सामना रॉय इमर्सनविरुद्ध होता! उलट 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीला एकूण तीनच संघ होते. ध्यानचंदांचा संघ तीसांतही पहिला आला असता, याविषयी मला शंका नाही. पण पदकावर संघांची संख्या कोरलेली नसते, एवढेच सांगायचे आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1968 पूर्वी व्यावसायिक खेळाडूंना विम्बल्डनमध्ये प्रवेश नव्हता, म्हणजे कृष्णन यांच्या काळी काही फार मोठे खेळाडू त्या स्पर्धेबाहेर होते. तरीही त्यांची मजल मला आपल्या अनेक पदकांपेक्षा मोठी वाटते.

1960 सालच्याच रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खासिंग 400 मीटर धावून चौथे आले. तिसऱ्याशी अंतर एक दशांश सेकंद. पदक नाही, पण नाव घरोघरी आहे. त्याउलट घौस महंमद हे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? 1939 साली विम्बल्डनच्या एकेरीत उपउपांत्य फेरी गाठणारे ते पहिले भारतीय. तेथे त्यांना हरवणारा बॉबी रिग्ज त्या वर्षीचा विजेता ठरला.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक नाव. सानिया मिर्झाने 2015 साली विम्बल्डनचे महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी ती दुहेरीत जगात पहिली होती. वर्तमानपत्रांनी ते छापले, योग्यच केले. माझ्या मते मात्र 2007 साली एकेरीत तिने गाठलेला 27 वा क्रमांक तितकाच अवघड होता. 27 व्या क्रमांकाला करंडक नसतो.

त्या अब्बांना निरोप देण्यापूर्वी मी क्रीडाशिक्षकांकडे चौकशी केली. बॅडमिंटनच्या त्या स्पर्धेत 64 मुले होती. आपला मुलगा चार सामने जिंकून हरला. शेजारच्या मुलाच्या वजनी गटात चौघेच होते. तोही गुणी आहे, त्याने कुस्ती सोडू नये. पण आपल्या मुलाची रॅकेट कपाटावर ठेवून दिली आहे, असे कळते. ती उद्या खाली काढावी, एवढीच अब्बांना विनंती आहे.