‘क्लिअर’ म्हणजे वटलेला



आज एकाच इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहे: ‘क्लिअर’. शाळेत आपण त्याचा अर्थ शिकलो स्वच्छ, स्पष्ट. पाणी क्लिअर, आवाज क्लिअर. बँकेत चेकच्या बाबतीत मात्र क्लिअर म्हणजे वटलेला. चेक देणाऱ्याच्या बँकेने तो तपासून पैसे चुकते केले, तरच तो क्लिअर.

हा फरक आमच्या एका खातेदार ताईंना महागात पडला. त्यांनी जुनं शिलाई मशीन १८,००० रुपयांना विकलं. घेणाऱ्याने चेक त्यांच्या खात्यात भरला. मोबाइलवर मेसेज आला, रक्कम दिसली. ताईंनी मशीन टेम्पोत चढवून दिलं. नंतर चेक परत आला. देणाऱ्याच्या खात्यात पुरेसे पैसेच नव्हते. ताई काउंटरवर येऊन म्हणाल्या, “मॅडम, पैसे तर मला स्पष्ट दिसले होते!” दिसले होते, पण वटले नव्हते.

मेसेजमध्ये ‘सब्जेक्ट टू क्लिअरिंग’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ ‘चेक वटल्यास’. तोवर ती रक्कम एकूण शिलकेत दिसली, तरी क्लिअर बॅलन्समध्ये धरलेली नसते. म्हणून बँकेत “चेक जमा झाला का?” असं विचारू नका. “चेक क्लिअर झाला का? माझा क्लिअर बॅलन्स किती?” असं विचारा. उत्तर मिळेपर्यंत माल हातातून सोडू नका.

कुणी जास्त रकमेचा चेक भरून “वरचे पैसे यूपीआयने परत करा” म्हणालं, तर अधिक सावध व्हा. तुमचे यूपीआयचे पैसे लगेच जातात, त्याचा चेक मात्र परत येऊ शकतो. असं फसलात, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

अपुऱ्या शिलकेमुळे चेक परत आलाच, तर बँकेचा रिटर्न मेमो जपून ठेवा. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १३८ खाली दाद मागता येते. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. आमच्या ताईंनी नोटीस वेळेत पाठवली, म्हणून त्यांचे पैसे मिळाले.

शंका आली तर काउंटरवर या. विचारायला पैसे पडत नाहीत.