निद्रेंतील नाडी



रात्रीं आपण निजतों, परंतु आपलें हृदय निजत नाहीं. दिवसभराच्या श्रमानें झालेली झीज भरून काढण्याचें जें काम शरीरांत रात्रभर चाललेलें असतें, त्याचें बरेंचसें वर्तमान हृदयाच्या ठोक्यांत उमटतें. तें वाचतां आलें तर लांब पल्ल्याचें धावणें, पोहणें, सायकल चालविणें अशा दमसासाच्या व्यायामांत आज जोर करावा कीं हात आंखडावा, हें ठरविण्यास मोठें साहाय्य होतें. याच विषयासंबंधीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

हा विषय आतां केवळ पटाईत खेळाडूंचा राहिलेला नाहीं. मुंबईची मॅरेथॉन २००४ सालीं सुरू झाली आणि साताऱ्याची डोंगरावरील अर्धमॅरेथॉन २०१२ सालीं. कचेरींत आठ-दहा तास बसणारीं माणसें आज पहाटे उठून धावण्याचा सराव करतात. हा उत्साह स्तुत्यच आहे. परंतु व्यायामानें शक्ति वाढते, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. व्यायाम शरीराला थकवितो. शक्ति वाढते ती त्यामागून येणाऱ्या विश्रांतींत. शेत नांगरणें आवश्यक खरें, पण रोज नांगरलें तर पीक यावयाचें केव्हां?

आतां हृदय याची साक्ष कशी देतें तें पाहूं. हृदयाचा ठोका हृदयांतच उत्पन्न होतो. त्यावर कोणाचाच ताबा नसता तर तें मिनिटाला सुमारें १०० वेळां चाललें असतें. परंतु मेंदूकडून त्याला दोन लगाम आहेत. व्हेगस नांवाचा मज्जातंतु गति मंद करतो आणि दुसरी एक मज्जासंस्था ती वाढविते. श्रम, भीति, ताप, चिंता यांत दुसरीचा अंमल चढतो; विश्रांतींत व्हेगसचा. म्हणून गाढ झोंपेंत नाडी संथ होते. दमसासाचा व्यायाम नेमानें करणाऱ्यांत तर ती मिनिटाला पन्नासाच्याहि खालीं जाते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. निरोगी हृदयाचे ठोके घड्याळाच्या टिकटिकीप्रमाणें समान अंतरानें पडत नाहींत. श्वास आंत घेतांना ते किंचित् जवळ येतात व सोडतांना लांबतात. हा चढउतार व्हेगसच्या अमलाची खूण होय. शरीर थकलें असतां बहुधा नाडीची गति वाढते आणि ठोक्यांमधील हा फरक घटतो. दिवसां जिने चढणें, चहा, बोलणें, रागलोभ यांनीं नाडी क्षणाक्षणाला बदलते. निद्रेंत यांतील बराचसा गोंधळ शांत होतो आणि कांहीं तासांची सरासरी हातीं येते. म्हणून रात्रीची साक्ष अधिक भरंवशाची.

या मोजमापाला व्यवहारांत आणण्यांत फिनलंड या बर्फाळ देशाचा वांटा मोठा आहे. बर्फावरून लांकडी पट्ट्यांनीं घसरत मैलोगणती जाण्याची तेथील लोकांना परंपरागत आवड. ओउलु शहरानजीक केंपेले येथें सेप्पो सॅय्नॅयॅकांगास या प्राध्यापकांनीं १९७७ सालीं पोलर ही कंपनी स्थापिली आणि १९८२ सालीं छातीवरील पट्ट्यांतून मनगटावरील यंत्राकडे बिनतारी ठोके धाडणारें साधन विक्रीस आणलें. पुढें २००७ सालीं ओउलु येथील संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं धावकांना त्यांनीं ठराविक वेळापत्रक दिलें. इतरांचें रोज सकाळीं ठोक्यांतील चढउतार मोजलें, आणि तें घटलेलें दिसलें कीं त्या दिवशीं हलका व्यायाम किंवा विश्रांति दिली. चार आठवड्यांअंतीं धांवण्याचा कमाल वेग दुसऱ्या गटाचाच अधिक वाढला. आज हेंच मोजमाप निजलेल्या माणसाच्या मनगटावरील घड्याळ किंवा बोटांतील अंगठी करते. तिच्यांतील दिव्याचा प्रकाश कातडीखालच्या रक्तावर पडतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून ठोके मोजले जातात.

माझा एक जुना विद्यार्थी बँकेंत नोकरीस आहे. निद्रेंत त्याची नाडी एरवीं ५२ ते ५४ असे. शर्यतीला तीन आठवडे उरले असतां लागोपाठ दोन रात्रीं ती ६० झाली. पाय ठणठणीत होते आणि वेळापत्रकांत त्या दिवशीं २८ किलोमीटर लिहिले होते. वेळापत्रक मोडणें त्याच्या जिवावर आलें, तो धावला. सायंकाळीं त्याला ताप भरला. अंथरुणांतून उठावयास दहा दिवस लागले आणि शर्यत हुकली. शर्यत पुढल्या वर्षीं पुन्हा येईल. परंतु अंगांत ताप असतां जोराचे श्रम केल्यानें हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, आणि तो प्राणावर बेतूं शकतो.

हे आंकडे वाचावे कसे? प्रथम दोन-तीन आठवडे नुसती नोंद ठेवून आपली स्वतःची नेहमींची पातळी ओळखावी. शेजाऱ्याची नाडी ४५ आणि आपली ६० म्हणून हिरमुसलें होऊं नये. प्रकृति ज्याची त्याची. एखाद्या रात्रीचे दोन-तीन ठोके इकडेतिकडे झाले तर मनावर घेऊं नये. पांच-सहा ठोक्यांची वाढ दोन रात्रीं टिकली, तर मात्र कारण शोधावें. उशिराचें जेवण, मद्य, उकाडा, रात्रीं उशिरां केलेला व्यायाम, येऊं घातलेला ताप, मनाला लागलेली काळजी, यांपैकीं कांहींहि असूं शकेल. स्त्रियांच्या बाबतींत मासिक चक्राच्या उत्तरार्धांत नाडी स्वभावतःच थोडी चढते. रक्तदाबाच्या कांहीं औषधांनीं ती उतरते. अतिश्रमाच्या एका प्रकारांत तर थकलेल्या माणसाचीहि नाडी मंदच राहते. म्हणून भूक, झोंप, उत्साह यांचाहि जबाब घ्यावा. ज्यांच्याजवळ यंत्र नसेल त्यांनीं सकाळीं जाग येतांच, अंथरुणांतच, पुरतें एक मिनिट नाडी मोजून वहींत लिहावी. तेंहि पुष्कळ उपयोगी पडतें. ठोके चुकत असतील, छातींत दुखत असेल किंवा घेरी येत असेल, तर वही मिटून तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

आणखी एक इशारा दिला पाहिजे. निद्रेच्या आंकड्यांची धास्ती घेऊन निद्राच घालवून बसणारीं माणसें अमेरिकेंतील तज्ज्ञांना आढळलीं, आणि २०१७ सालीं त्यांनीं या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असें नांव सुचविलें. यंत्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्ष ऐकून निवाडा द्यावयाचा तो आपल्या बुद्धीनें.

आपल्याकडे कष्टाचें कौतुक फार आणि विश्रांतीला आळसाचा डाग. मुलगा पहाटे उठून धावला तर आपण चारचौघांत सांगतों. शरीराचें ऐकून एक दिवस निजून राहिला तर त्याला टाकून बोलतों. वास्तविक त्या दिवशींची ती झोंप त्याच्या व्यायामाचाच उरलेला अर्धा भाग असते. घरांतील वडील माणसांनीं एवढें ध्यानीं घेतलें, तरी तरुणांचे पुष्कळ श्रम सार्थकीं लागतील.