देतच राहिलेला बाप



आपल्या घरातली आई सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जेवायला बसते. तिच्या वाट्याला कालवण उरलं की नाही, हे आपल्यापैकी किती जण पाहतात? देणारा देत जातो आणि घेणाऱ्याला घ्यायची सवय लागते. या सवयीची एक गोष्ट आज सांगतो. गोष्ट फ्रान्स देशातली आहे, पण ती तुम्हांला परकी वाटणार नाही.

बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकाराची ‘ल पेर गोरियो’, म्हणजे ‘गोरियोबाबा’, ही कादंबरी १८३५ साली पुस्तकरूपाने निघाली. गोरियो हा पॅरिसमधला शेवयांचा व्यापारी. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, धान्याच्या टंचाईत, त्याने पुष्कळ पैसा केला. बायको लवकर वारली आणि त्याचा सारा जीव दोन मुलींत गुंतला. मुलींनी मागितलं ते त्याने दिलं. मागितलं नाही तेही दिलं. भरपूर हुंडा देऊन एक सरदाराच्या घरी दिली, दुसरी पेढीवाल्याच्या. मग शेवया विकणारा बाप त्यांच्या दिवाणखान्यात शोभेना! तेव्हा १८१३ साली म्हातारा एका खाणावळीत बिऱ्हाड करून राहिला.

पुढची कथा त्या घराचा जिनाच सांगतो. आधी पहिल्या मजल्यावरची खोली, वर्षाला १२०० फ्रँक. दोन वर्षांनी दुसरा मजला, ९०० फ्रँक. आणखी एका वर्षाने तिसरा मजला, महिना ४५ फ्रँक. म्हातारा एकेक मजला वर चढतो, तो दारिद्र्यात एकेक पायरी खाली उतरतो. मुलींची देणी काही संपत नाहीत. बायकोने दिलेलं चांदीचं भांडंसुद्धा तो रडत रडत मोडतो आणि विकतो.

तो मरायला टेकतो तेव्हा निरोप जाऊनही एक मुलगी येतच नाही. दुसरी येते ती त्याची शुद्ध हरपल्यावर. उशाशी असतात दोन परके विद्यार्थी. त्यांच्या केसांवर हात ठेवून म्हातारा समजतो, माझ्या मुली आल्या. प्रेतामागून मुलींच्या घरच्या गाड्या येतात, पण रिकाम्या!

आपल्या मराठीत १९७० साली रंगभूमीवर आलेलं शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आठवा. तिथेही आप्पासाहेब बेलवलकर सारं मुलांना वाटून टाकतात, आणि शेवटी त्यांनाच छप्पर उरत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, अशी गोष्ट वर्गात सांगितली की मुलं चटकन म्हणतात, ‘मुली दुष्ट होत्या.’ तिथे थांबू नका. त्यांना विचारा, या बापाने मुलींना कधी काही द्यायला शिकवलं होतं का? मरताना गोरियोलाही हे उमगतं. मुलींना आपणच बिघडवलं, असं तो कबूल करतो. त्याची माया खोटी नव्हती. पण घेणाऱ्याच्या अंगी कृतज्ञता आपोआप येत नाही, ती लहानपणापासून लावावी लागते.

म्हणून आईच्या त्यागाचं नुसतं कौतुक करू नका. कौतुकाला पैसा पडत नाही. आज रात्री जेवताना आधी तिचं पान मांडा, आणि वाढायचं काम मुलांना सांगा.