ठिसूळ धातूला चिवटपणा देणारी मूलद्रव्ये



लोखंडाला हवा आणि पाणी लागले की ते गंजते, हा सर्वांच्या नित्य अनुभवाचा विषय आहे. त्यावर उपाय म्हणून पोलादात क्रोमियम आणि निकेल मिसळून अगंज पोलाद तयार करतात. परंतु निकेल महाग आहे आणि भारताला ते बव्हंशी आयात करावे लागते. लोहखनिज आणि बॉक्साइट मात्र देशात विपुल आहे. म्हणूनच लोह आणि ॲल्युमिनियम यांपासून बनणाऱ्या लोह-ॲल्युमिनाइड या मिश्रधातूकडे धातुशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले.

गुण आणि उणीव

याचे मुख्य प्रकार दोन. एकात लोहाच्या तीन अणूंमागे ॲल्युमिनियमचा एक अणू असतो. दुसऱ्यात दोहोंचे प्रमाण समसमान किंवा त्याच्या जवळपास असते. पहिला प्रकार लोखंडापेक्षा सुमारे १५ टक्के हलका आहे. तापविल्यावर त्याच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर जमतो आणि ऑक्सिजन व गंधकाच्या वायूंपासून आतील धातूचे रक्षण करतो. हे गुण १९३० च्या दशकापासून ठाऊक होते. तरीही हा धातू कारखान्यात रुळला नाही. कारण सामान्य तापमानाला तो ठिसूळ असतो.

हा धातूचा अंगभूत दोष मानला जात असे. १९८९ मध्ये अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत सी. टी. ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळेच कारण दाखवून दिले. अणुसंख्येने ३६.५ टक्के ॲल्युमिनियम असलेला नमुना हवेत ताणला असता जेमतेम २ टक्के लांबून तुटला. कोरड्या ऑक्सिजनमध्ये मात्र तो १७ टक्क्यांहून अधिक लांबला. हवेतील बाष्पाची ॲल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हायड्रोजनचे अणू सुटे होतात आणि धातूत शिरून त्याला ठिसूळ करतात, असे यातून निष्पन्न झाले.

मूलद्रव्यांची कामगिरी

येथे मिश्रक मूलद्रव्यांचे महत्त्व कळून येते. पहिल्या प्रकारात २ ते ६ टक्के क्रोमियम घातल्यास हवेतील लांबण्याची क्षमता सुमारे ४ टक्क्यांवरून ८ ते १० टक्क्यांपर्यंत जाते. दुसऱ्या प्रकारात बोरॉन उपयोगी पडते; हजारात एक अणू इतकेही ते लागत नाही. स्फटिककणांच्या सीमांवर जमून ते त्यांची पकड बळकट करते. मॉलिब्डेनम आणि नायोबियम यांमुळे तप्त अवस्थेतील बळ वाढते. पण सामान्य तापमानाचा चिवटपणा घटू शकतो. झिर्कोनियम संरक्षक थराला धातूशी घट्ट धरून ठेवण्यास मदत करते. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेत ओतीव मिश्रधातूंत कार्बनचे प्रमाण वाढवून पाहण्यात आले. त्यातून तयार होणारी कार्बाइडे बळ वाढवितात आणि यंत्रावर कापकाम सुलभ करतात.

भुकटीचा मार्ग

ओतकामात स्फटिककण मोठे होतात आणि मूलद्रव्ये सर्वत्र सारखी पसरत नाहीत. म्हणून वितळलेल्या मिश्रधातूच्या धारेवर वायूचा झोत सोडून तिची भुकटी करतात. तिच्या कणाकणात सर्व घटक जवळजवळ सारख्या प्रमाणात असतात. ही भुकटी पोलादी डब्यात भरून, तापवून, साच्यातून दाबाने बाहेर काढली की बारीक कणांचा भरीव धातू मिळतो. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे याच मार्गाने झिर्कोनियम आणि बोरॉन यांच्या जोडीला यिट्रियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण घालून बळकट मिश्रधातू तयार करण्यात आला.

लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या वेगळ्या भुकट्या मिसळून तापविणे अधिक स्वस्त. पण ६६० अंश सेल्सियसच्या सुमारास ॲल्युमिनियम वितळून लोहात शिरते, मागे पोकळ्या राहतात आणि वडी फुगते. दाब देत तापविल्यास हा दोष कमी होतो. उलट, भुकटी मुद्दाम सच्छिद्र ठेवून जोडली की कोळशापासून मिळणाऱ्या तप्त, गंधकयुक्त वायूतील धूळ अडविणारे गाळणे तयार होते.

मुबलक मिळणाऱ्या दोन धातूंना उपयुक्त करण्यासाठी योग्य मूलद्रव्य, योग्य प्रमाण आणि योग्य रीत या तिन्ही गोष्टींचा मेळ बसावा लागतो, हेच या संशोधनाचे सार होय.